महागड्या गाडीचा सौदा आणि व्यापाऱ्याचा हिशोब

कापडाच्या धंद्यात मुरलेला माणूस भिवंडीच्या किंवा सुरतेच्या गादीवर बसला की मीटरमागे पंचवीस पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. दर ठरला की वटाव मागतो, वटाव मिळाला की रोखीची कटमिती मागतो, आणि शेवटी पार्सलचे भाडे कोणाकडे, हेही विचारून घेतो. तोच माणूस मोटारीच्या शोरूममध्ये थंड हवेत काचेच्या टेबलासमोर बसला की मुका होतो. समोरचा टाय लावलेला मुलगा एक छापील कागद पुढे करतो, त्यावर खाली एक रक्कम लिहिलेली असते, आणि आपला व्यापारी बांधव विचारतो, "हप्ता किती बसेल?" त्या एका प्रश्नात सौदा हातातून जातो.

उमापूरसारख्या गावात आलिशान गाडीचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण दिवस बदलले आहेत. रस्त्याच्या कामात गेलेल्या जमिनीचा मोबदला कोणाला मिळाला, कोणाची मुले परदेशात कमावतात, कोणाची ठेकेदारी चालली आहे, कोणाचा कापसाचा व्यापार वाढला आहे. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीची चौकशी आता आमच्या गेवराई तालुक्यातूनही होते. शिवाय गाडीच्या सौद्याचे जे नियम, तेच ट्रॅक्टरचे, टेम्पोचे आणि दुकानाच्या मालाचे. म्हणून हा धडा ज्यांना गाडी घ्यायची नाही त्यांनीही वाचावा.

औरंगाबादचा १५० गाड्यांचा सौदा

या विषयात आपल्या मराठवाड्यानेच साऱ्या देशाला एक उदाहरण घालून दिले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहरातील (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता, म्हणजे सरासरी एका गाडीला ४३ लाखांच्या वर. मर्सिडीजने पुण्यात १९९५ साली गाड्या बनवायला सुरुवात केली आणि २००९ साली चाकणला स्वतःचा कारखाना उभा केला. त्या कारखान्याच्या दारात दीडशे गिऱ्हाइके एका जबानीने उभी राहिली, ही त्या काळी मोठी बातमी झाली.

सर्वांचे लक्ष गाड्यांकडे गेले. व्यापाऱ्याने मात्र दुसरीकडे पाहावे. या सौद्यातील ४० कोटींहून अधिक रक्कम स्टेट बँकेने कर्जाऊ दिली, आणि व्याजाचा दर होता ७ टक्के. म्हणजे या मंडळींनी लोखंडाचा भाव तर केलाच, पण पैशाचाही भाव केला. ही खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे.

याच सौद्यावर ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये 'द हिंदू' दैनिकात लेख लिहिला आणि एक बोचरी तुलना केली. त्याच औरंगाबाद जिल्ह्यात ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या कर्जावर १५.९ टक्के व्याज लागल्याचे त्यांनी दाखवून दिले. मर्सिडीजला ७ आणि ट्रॅक्टरला जवळजवळ १६! यात अन्याय आहे, हे उघड आहे. पण अन्यायाबरोबर त्यात एक व्यवहारही आहे. दीडशे जण एकत्र गेले होते, आणि ट्रॅक्टरवाला एकटा गेला होता. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ. आधी सौद्याचे एकेक अंग पाहू.

किमतीचे कप्पे वेगळे करा

शोरूमचा माणूस ऑन-रोड किंमत सांगतो. ही एक किंमत नाही, ती चार-पाच रकमांची गाठोडी आहे. गाठोडे सोडल्याशिवाय भाव करायचा नाही, हा पहिला नियम. कोटेशन लेखी मागावे आणि प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी.

पहिला कप्पा म्हणजे एक्स-शोरूम किंमत. यात गाडीची मूळ किंमत आणि जीएसटी येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या आणि आलिशान गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि पूर्वीचा सेस बंद झाला आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर मात्र ५ टक्केच आहे. यातून एक हिशोब निघतो. सूट बिलातच, मूळ किमतीतून वजा करून मागावी. मूळ किंमत १ लाखाने कमी झाली तर तिच्यावरचा ४० हजारांचा करही वाचतो. त्याऐवजी विक्रेता १ लाखाचे मॅट, कव्हर आणि पॉलिश 'फुकट' देत असेल, तर त्या वस्तूंची बाजारातील किंमत किती, हे आधी विचारून यावे.

दुसरा कप्पा रस्ता कराचा. हा सरकारचा असतो, त्यावर घासाघीस होत नाही. पण तो कोणाच्या नावावर किती, हे ठाऊक हवे. महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली तर १३ टक्के, डिझेल असेल तर १५ टक्के. आणि तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. काही सल्लागार कर वाचवण्यासाठी दुसऱ्या राज्यात पासिंग करून आणण्याचा मार्ग सुचवतात. त्या फंदात पडू नये. २०१७ साली केरळमध्ये पुदुच्चेरी पासिंगच्या आलिशान गाड्यांवरून गुन्हे दाखल झाले होते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथे नव्याने नोंद करावी लागते, असा कायदाच आहे. आपली गाडी एमएच २३ चीच बरी.

तिसरा कप्पा विम्याचा, आणि इथे भरपूर जागा असते. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. त्याच रकमेचे आणि त्याच अटींचे दर बाहेरच्या दोन कंपन्यांकडून मागवावेत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो भाग ठरलेल्या दराचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, त्याच्या दरात फरक पडतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जुन्या गाडीवर तुम्ही कधी दावा केला नसेल तर त्याबद्दल मिळणारी सवलत, जिला नो क्लेम बोनस म्हणतात, ती गाडीची नसून मालकाची असते. सलग पाच वर्षे दावा नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तिचे पत्र घ्यावे आणि नव्या गाडीच्या विम्यात ती वळती करून घ्यावी. विक्रेता हे आपणहून सांगेल, अशी आशा धरू नये.

चौथा कप्पा किरकोळ रकमांचा : हाताळणी खर्च, वाढीव हमी, देखभालीचे पॅकेज, रंगाचे संरक्षण. यातील कोणती रक्कम सरकारी आहे आणि कोणती दुकानाची, हे बोट ठेवून विचारावे. दुकानाची असेल तर तिथे वजाबाकी होऊ शकते.

या खेरीज १० लाखांवरील गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला आयकर आहे. आपला पॅन नंबर नीट दिला की विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. चाळीस लाखांवर ही रक्कम ४० हजार होते. ती सोडून देणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत.

जिथे भाव ठरलेला असतो

आता एक नवी अडचण. ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीज-बेंझने भारतात विक्रीची पद्धत बदलली. गाडी कंपनीच थेट गिऱ्हाइकाला विकते, बिल कंपनीचे असते, आणि शोरूमवाला हा मध्यस्थ असतो. किंमत देशभर एकच. त्यामुळे पुण्याचे कोटेशन संभाजीनगरात दाखवून भाव पाडण्याचा जुना मार्ग त्या कंपनीपुरता बंद झाला. इतर कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे तो अजून चालतो.

पण भाव ठरलेला म्हणजे सौदा संपला असे नव्हे. गिरणीचा दर ठरलेला असला तरी आपण मुदत, वाहतूक आणि बदली माल यांवर बोलतोच ना? तसेच इथेही. जुन्या गाडीची किंमत, कर्जाचा दर, विमा, देखभालीचे पॅकेज आणि वाढीव हमी या पाच गोष्टी मोकळ्याच राहतात. दरवाजा बंद असला तर खिडक्या मोजाव्यात.

हप्त्याचा खेळ

"हप्ता किती?" हा प्रश्न सर्वांत महाग पडतो, असे आम्ही वर म्हटले. हप्ता कमी करणे विक्रेत्याच्या हातचा मळ आहे. मुदत पाच वर्षांची सात वर्षे केली की झाले. म्हणून तीन गोष्टी एकत्र विचाराव्यात : दर किती, मुदत किती, आणि शेवटपर्यंत एकूण किती रुपये जातील.

आकड्यांतच पाहू. ४० लाख कर्ज, मुदत पाच वर्षे. घटत्या शिलकेवर ९ टक्के दर असेल तर मासिक हप्ता सुमारे ८३ हजार रुपये बसतो. ७ टक्के असेल तर सुमारे ७९ हजार २०० रुपये. फरक महिन्याला चार हजारांच्या आत, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण साठ महिन्यांत तो सुमारे २ लाख ३० हजार होतो. औरंगाबादकरांनी पैशाचा भाव केला, त्याचे महत्त्व इथे कळते.

आता सावकारी युक्ती पाहा. कोणी म्हणेल, "आमचा दर ६ टक्केच, पण फ्लॅट." फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. ४० लाखांवर पाच वर्षांचे १२ लाख व्याज आणि हप्ता सुमारे ८६ हजार ७०० रुपये. म्हणजे हा '६ टक्के' वरच्या ९ टक्क्यांपेक्षा महाग! घटत्या शिलकेच्या भाषेत तो पावणेअकरा टक्क्यांच्याही वर जातो. म्हणून दर ऐकला की पहिला प्रश्न हाच : फ्लॅट की घटत्या शिलकेवर? दुसरा : मुदतीआधी फेडले तर दंड किती? तिसरा : कागदपत्रांचा खर्च किती? कर्ज फिटल्यावर बँकेचा ना हरकत दाखला घेऊन आरटीओच्या पुस्तकातून बँकेचा बोजा उतरवायलाही विसरू नये.

भाडेपट्ट्याचे गणित

गाडी विकत न घेता काही वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घ्यायची, म्हणजे लीजची, पद्धत मोठ्या शहरांत रुळली आहे. लोकांना वाटते की भाडे हे ठरलेलेच असते. तसे नाही. भाडे दोन गोष्टींचे बनते : गाडीची जितकी किंमत त्या काळात उतरेल ती, आणि गुंतलेल्या पैशाचा मोबदला.

समजा, गाडी ६० लाखांची आहे. चार वर्षांनी तिची किंमत २८ लाख राहील असे कंपनीने धरले. उतरणारे ३२ लाख ४८ महिन्यांवर वाटले तर महिन्याला सुमारे ६६ हजार ७०० रुपये. गुंतलेली रक्कम सरासरी ४४ लाख. त्यावर वर्षाला ९ टक्के धरले तर महिन्याला ३३ हजार. एकूण भाडे जवळपास १ लाख, वर जीएसटी. आता कंपनीने उरणारी किंमत २८ ऐवजी ३१ लाख धरली, तर भाडे सुमारे ९४ हजार ५०० वर येते. चार वर्षांत सुमारे अडीच लाखांचा फरक, आणि गाडीच्या किमतीला हातही लावला नाही. म्हणून भाडेपट्ट्यात 'शेवटी गाडीची किंमत किती धरली' हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न किलोमीटरचा. पट्ट्यात वर्षाला किती किलोमीटर चालवायचे याची मर्यादा असते आणि त्यावर जादा आकार. उमापूरहून दर आठवड्याला संभाजीनगर आणि महिन्याला भिवंडी-सुरत करणाऱ्याने आपले वर्षाचे किलोमीटर वहीत मांडूनच सही करावी. परत देताना ओरखडे, टायर, काच यांचे पैसे कोण भरणार, हेही लेखी हवे.

कराबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. "जीएसटी परत मिळेल" असे सांगून गाडी गळ्यात मारली जाते. चालकासह तेरा जणांपर्यंत बसण्याची सोय असलेल्या गाडीच्या खरेदीवर किंवा भाडेपट्ट्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. ती गाड्यांचा व्यापार, प्रवासी वाहतूक किंवा चालक प्रशिक्षण करणाऱ्यांसाठी आहे. कापड दुकानदाराला नाही. आयकरात धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा १५ टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. ६० लाखांच्या गाडीवर हा फरक ९ लाख आणि साडेचार लाख असा आहे. दिवाळीला गाडी घेण्याचा शौक असणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावे, मग मुहूर्त पाहावा.

व्याज टाळणाऱ्यांसाठी

आमच्या वाचकांत व्याजाचा व्यवहार न करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींना वाटते की भाडेपट्टा म्हणजे आपोआप इजारा झाला. तसे समजू नये. इजाऱ्यात वस्तू देणारा खरोखर मालक असतो आणि मालकीची जोखीम त्याच्याकडे राहते. बाजारातील पुष्कळ करारांत नावापुरता भाडेपट्टा असून सारी जोखीम घेणाऱ्यावर असते. करारातील कलमे जाणत्या आलिमांना वाचून दाखवावीत, नुसते नाव सांगून विचारू नये.

जे संपूर्ण रोख देणार आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. कर्ज लावून दिल्याबद्दल शोरूमला मोबदला मिळत असतो. म्हणून रोखीचा गिऱ्हाईक आला की तो तितका खूश होत नाही, उलट 'कर्ज घ्या, सूट देतो' म्हणतो. रोखीचा मान विक्रेत्याला वेगळा कळवावा लागतो. पैसे एकाच दिवशी बँकेतून वर्ग होतील, गाडी साठ्यातील चालेल, रंगाचा हट्ट नाही, असे सांगितले तर रोखीला किंमत येते.

वेळ, जुनी गाडी आणि उठण्याची तयारी

शोरूमलाही महिन्याचे आणि तिमाहीचे उद्दिष्ट असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात ऐकून घेण्याची तयारी जास्त. डिसेंबरात साठ्यातील गाडीवर सूट मिळते, कारण १ जानेवारीला ती मागच्या वर्षाची होते. पण विकताना तुमचीही गाडी एक वर्ष जुनी धरली जाईल. गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल तर हा सौदा चांगला. तीन वर्षांत बदलायची असेल तर मिळालेली सूट तिथे जाते. गाडी कोणत्या महिन्यात बनली, हे बिलापूर्वी विचारावे आणि ताबा घेताना चासी नंबरावरून पडताळावे.

जुनी गाडी आणि नवी गाडी यांचा सौदा एका दमात करू नये. आधी नवीचा भाव लेखी पक्का, मग जुनीची गोष्ट. नाहीतर एका खिशात दिलेली सूट दुसऱ्या खिशातून निघते. जुन्या गाडीची किंमत बाहेर दोन ठिकाणी विचारून जावे.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी ती परत मिळेल का आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यावे. एकदा मोठी रक्कम अडकली की आपली जबान लुळी पडते. आणि सर्वांत मोठे हत्यार म्हणजे खुर्चीवरून उठण्याची तयारी. मुलांना बरोबर नेऊन, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन जो शोरूममध्ये शिरतो, तो उठणार नाही हे समोरच्याला कळते.

गाडीची खरी किंमत दुकानात असते

शेवटचा हिशोब शोरूमचा कागद कधीच दाखवत नाही. समजा, गाडीसाठी तुम्ही दुकानातून २० लाख काढले. तेच २० लाख मालात वर्षातून तीनदा फिरतात आणि दर फेरीला ८ टक्के सुटतात असे धरले, तर वर्षाला ४ लाख ८० हजारांची कमाई थांबली. पाच वर्षांत २४ लाख. ही रक्कम गाडीच्या किमतीत मिळवावी आणि मग विचार करावा. गाडी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. कष्टाच्या कमाईतून माणसाने सुखाने बसावे, यात वाईट काय? पण ईदेच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर माल भरायला पैसा नाही आणि दारात गाडी उभी आहे, अशी दुकाने बसायला वेळ लागत नाही. हंगामाचे भांडवल बाजूला ठेवून जे उरते, तीच गाडीची ऐपत.

एकट्याचा भाव आणि दहा जणांचा भाव

आता वर राहिलेला मुद्दा. औरंगाबादच्या सौद्यात जादू नव्हती. संख्या होती, पैशाची सोय सामायिक होती आणि खरेदी एकाच वेळी होती. या तीन गोष्टींना श्रीमंती लागत नाही.

ट्रॅक्टरचेच पाहा. ५ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले आणि मासिक हप्ता धरला, तर १५.९ टक्के आणि ७ टक्के या दरांतील फरक सुमारे १ लाख ३४ हजार रुपये होतो. सात टक्के लगेच कोणी देणार नाही, हे आम्हालाही समजते. पण जायकवाडीच्या कालव्याखालचे दहा ऊसवाले आणि कापूसवाले एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दहा ट्रॅक्टरांची मागणी घेऊन गेले, सातबारा आणि बँकेचे उतारे बरोबर नेले, आणि दोन बँकांकडून लेखी दर मागवले, तर एक-दोन टक्के नक्कीच बोलता येतात. उमापूर, चकलांबा आणि तलवाड्याच्या कापड दुकानदारांनी लग्नसराईचा माल मिळून उचलला तर सुरतेचा व्यापारी वटाव वाढवून देईल आणि ट्रकचे भाडेही वाटून जाईल. आपण मात्र एकमेकांपासून भाव लपवत वेगवेगळ्या गाडीने जातो आणि प्रत्येक जण एकट्याचा भाव देऊन येतो.

आलिशान गाडी घेणाऱ्याने दीडशे जण शोधण्याची गरज नाही. ओळखीतील तीन-चार जण त्याच तिमाहीत गाडी घेणार असतील तर एकत्र कोटेशन मागावे. विमा आणि कर्ज यांचा दर त्यात नक्की हलतो. बोलणारा एकच ठेवावा, आणि ठरलेले प्रत्येक कलम सही-शिक्क्यासह घ्यावे. बाजारात जबानीला इज्जत आहे, पण शोरूममध्ये कागदाला.